डिलीट केलेली जागा होस्टला परत कशी मिळवायची: व्हीएमच्या डिस्क इमेज सुरक्षितपणे आटवण्याची रीत

फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना मार्केटात उतरू लागली की अडत्यांच्या कचेऱ्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते. गाड्या पहाटेपासून लागतात आणि सकाळी सातलाच पावत्या सुरू होतात. त्याच दिवसांतल्या एका सकाळी मला एका अडत्याच्या मुनीमकाकांचा फोन आला. "भाऊ, पावती निघून नाही राहिली. तिन्ही कॉम्प्युटर जागच्या जागी थांबले ना."

त्या कचेरीत एका होस्टवर, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरवर, तीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालतात: टॅलीची विंडोज, कागदपत्रं साठवणारी लिनक्स आणि बॅकअपची एक लहान. तिन्ही एकदम थांबल्या होत्या आणि त्याला कारण मी होतो. आदल्या रात्री लिनक्स व्हीएमची फुगलेली इमेज (तिची अख्खी डिस्क जिच्यात असते ती होस्टवरची फाईल) आटवायला म्हणून मी तिच्या मोकळ्या जागेत शून्यं भरायची कमांड लावली आणि झोपायला गेलो. इमेज आटण्याआधी फुगते, हे मला ऐकून माहीत होतं, पण किती फुगेल याचा हिशोब मी केला नव्हता. रात्रीतून होस्टची डिस्क काठोकाठ भरली.

डेटा गेला नाही, तासाभरात काम सुरू झालं. पण बाहेर गाड्या उभ्या आणि काका हाताने पावत्या फाडताहेत, हे दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून हे काम मी ज्या क्रमाने करतो, तो क्रम इथे लिहितो आहे. भर केव्हीएम आणि लिबव्हर्टवर, म्हणजे लिनक्स होस्टवर व्हीएम चालवायच्या आणि सांभाळायच्या सोयींवर, आहे, कारण आपल्याकडच्या लहान कचेऱ्यांत मी तेच बसवतो. बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात येईल. कमांडची नावं फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायची.

तीन आकडे, तीन अर्थ

एका इमेजचे तीन आकडे असतात आणि निम्मे घोटाळे त्यांच्या गल्लतीतून होतात. पहिला आभासी आकार, म्हणजे गेस्टला, आतल्या व्हीएमला, आपली डिस्क केवढी दिसते. दुसरा, त्या फाईलने होस्टवर खरोखर किती जागा धरली आहे. तिसरा, गेस्टच्या आत खरोखर किती डेटा आहे.

पहिले दोन होस्टवर "क्यूईएमयू-आयएमजी इन्फो" एकदम दाखवतं: व्हर्च्युअल साईझ आणि डिस्क साईझ. व्हीएम चालू असेल तर लॉकमुळे ही कमांड नकार देते, तेव्हा तिला "-यू" जोडा. नुसती माहिती वाचायला ते चालतं. तिसरा आकडा गेस्टमध्ये "डीएफ -एच" देतो. त्या लिनक्स व्हीएमचे आकडे असे होते: आभासी २५० जीबी, होस्टवर धरलेले १८७ जीबी, आत वापरात ६२ जीबी. म्हणजे सव्वाशे जीबीच्या आसपास जागा अशी होती की जिचा उपयोग गेस्टला नाही आणि होस्टलाही नाही.

होस्टवर "एलएस -एलएच" वर विसंबू नका. ते फाईलची लांबी सांगतं, धरलेली जागा नाही. मध्ये भोकं (जागा न धरणारे रिकामे भाग) असलेल्या फाईलचा खरा आकडा "डीयू -एच" देतं. ट्रिम (मोकळे ब्लॉक परत करण्याची आज्ञा) केल्यावर एलएसचा आकडा तसाच दिसला म्हणून निराश झालेले लोक मी पाहिले आहेत, आणि डीयूने तेव्हा शंभर जीबी कमी दाखवलेले असतात.

ही जागा आपोआप परत का येत नाही? गेस्टमध्ये फाईल डिलीट केली की तिथली फाईलसिस्टिम फक्त आपल्या वहीत "हे ब्लॉक मोकळे" अशी नोंद करते. ब्लॉकवरचा जुना डेटा तिथेच पडून असतो आणि होस्टला त्या नोंदीची खबरही नसते. भाड्याच्या गोदामातून माल तर हलवला, पण मालकाला सांगितलंच नाही, तसं हे आहे. मालकाच्या लेखी खोल्या भरलेल्याच. म्हणून आपलं सगळं काम निरोप पोचवण्याचं आहे: फाईलसिस्टिमकडून गेस्टच्या डिस्क ड्रायव्हरकडे, तिथून क्यूईएमयूकडे (होस्टवर व्हीएम चालवणारा प्रोग्राम), आणि शेवटी होस्टच्या फाईलसिस्टिमकडे. यातली एक कडी जरी निरोप अडवून बसली तरी एक एमबीसुद्धा परत मिळत नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. आपल्याला धरलेली जागा कमी करायची आहे, आभासी आकार नाही. "क्यूईएमयू-आयएमजी रिसाईझ" ला श्रिंकचा पर्याय दिला की ती इमेजचं शेपूट कापते. आतलं पार्टिशन आधी लहान केलेलं नसेल तर त्या शेपटात असलेला डेटा गेलाच समजा. या लेखातल्या कुठल्याही पायरीत ती कमांड लागत नाही. कुणी सुचवली तर थांबा.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात. मी एवढंच जोडेन की तो बॅकअप त्याच होस्टच्या त्याच डिस्कवर नको, आणि त्यातून एक फाईल उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. टॅलीच्या मशीनसाठी मी इमेजच्या प्रतीबरोबर टॅलीचा स्वतःचा बॅकअपही बाहेरच्या डिस्कवर घेतो.

ट्रिमला परतीची वाट नाही, हेही लक्षात असू द्या. चुकून डिलीट झालेली फाईल रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने कधी कधी परत मिळते, कारण जुना डेटा तिथेच असतो. ट्रिम तोच डेटा होस्टवरून उचलून नेतो. "कालची एक फाईल सापडत नाही" असं कचेरीत कुणी म्हणत असेल, तर आधी तिचा निकाल लावा.

मग स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या त्या वेळच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी, पाहा. "व्हर्श स्नॅपशॉट-लिस्ट" आणि "क्यूईएमयू-आयएमजी इन्फो" ला बॅकिंग-चेनचा पर्याय देऊन इमेज एकटी आहे की मागे दुसऱ्या फाईलवर उभी आहे, ते कळतं. क्यूकाऊ-टू (क्यूईएमयूचा इमेज प्रकार) फाईलच्या पोटात स्नॅपशॉट असेल तर त्याने धरलेले ब्लॉक ट्रिमने सुटत नाहीत. तो स्नॅपशॉट त्यांवर हक्क सांगत बसतो. वर्षापूर्वी अपडेटच्या आधी घेतलेला आणि विसरलेला स्नॅपशॉट काढला, एवढ्यानेच अर्धं काम झाल्याचं मी दोनदा अनुभवलं आहे. मात्र इमेज साखळीत असेल तर मागची मूळ फाईल "जुनी दिसते" म्हणून उडवू नका. पुढची फाईल तिच्याशिवाय निव्वळ तुकडा आहे.

शेवटचं, होस्टवर "डीएफ -एच" करून मोकळी जागा कागदावर लिहा. माझ्या त्या रात्री ती ३८ जीबी होती, आणि २५० मधून १८७ वजा केले तर इमेज आणखी ६३ जीबी फुगू शकत होती. एवढी एक वजाबाकी मी केली असती तर काकांचा फोन आला नसता.

आता मी प्रत्येक होस्टवर १० जीबीची एक रिकामी फाईल "एफ-अलोकेट" ने बनवून ठेवतो. तिचं नाव सरळ "अडचणीत-डिलीट-करा" असं. होस्ट भरलाच तर ती काढली की लगेच हालचालीला जागा मिळते.

आधी आत झाडलोट

ट्रिम फक्त मोकळी जागा परत करतो, कचरा ओळखत नाही. तेव्हा गेस्टमधला कचरा आधी काढा. डेबियन-उबंटूवर "एपीटी क्लीन" आणि "एपीटी ऑटोरिमूव्ह", लॉगसाठी "जर्नलसीटीएल" ला व्हॅक्यूम-साईझ देऊन तीनशे एमबीपर्यंत आणा. डॉकर असेल तर "डॉकर सिस्टिम प्रून" बरीच जागा सोडतं, पण त्याला व्हॉल्यूम्सचा पर्याय जोडू नका. डेटाबेस बहुतेक वेळा तिथेच राहतो, आणि कंटेनर थोडा वेळ बंद असला तरी त्याचं व्हॉल्यूम बिनवापराचं गणलं जाऊ शकतं.

एक फसवी जागा म्हणजे डिलीट झालेली पण अजून उघडी असलेली फाईल. कुणी चालू प्रोग्रामचा मोठा लॉग आरएमने काढलेला असतो. फाईल यादीतून जाते, जागा मात्र तो प्रोग्राम बंद होईपर्यंत सुटत नाही. "एलएसओएफ +एल१" अशा फाईली दाखवतं. ती सेवा रीस्टार्ट करा, मग पुढे जा.

विंडोजमध्ये डिस्क क्लीनअप चालवा. व्हीएमला हायबरनेशनची गरज नसते, म्हणून ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर "पॉवरसीएफजी /एच ऑफ" द्या. त्याने कित्येक जीबींची हायबरनेशन फाईल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतं. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व पुढे कळेल.

मुख्य रस्ता: ट्रिम

जमेल तिथे हाच रस्ता धरा. व्हीएम चालू असताना होतो, इमेज फुगत नाही, आणि एकदा बसवला की दर आठवड्याला आपोआप चालतो.

होस्टवर "व्हर्श एडिट" ने व्हीएमची व्याख्या उघडा. डिस्कच्या भागात ड्रायव्हरची ओळ असते, त्यात टाईप क्यूकाऊ-टू लिहिलेलं दिसेल. त्याच ओळीत ट्रिमचा निरोप पुढे जाऊ देणारा डिस्कार्ड हा गुणधर्म जोडून त्याची किंमत अनमॅप ठेवा. व्हर्ट-मॅनेजर वापरत असाल तर डिस्कच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत डिस्कार्ड मोड म्हणून हेच मिळतं.

यानंतर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. आतून रीबूट केलं तर चालत नाही, कारण रीबूटमध्ये होस्टवरची क्यूईएमयू प्रक्रिया तीच राहते आणि नवी सेटिंग तिला कळत नाही. सेटिंग बरोबर असूनही "काही होत नाही" अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

आता गेस्टमध्ये "एलएस-बीएलके -डी" चालवा, डी कॅपिटल. डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स या रकान्यांत शून्य असेल तर निरोप गेस्टच्या पुढे जातच नाही. व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलरवर (व्हीएमला डिस्क जोडण्याचा एक प्रकार) हे जुन्या काळापासून चालतं. साध्या व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्कवर डिस्कार्डची सोय २०१९ मध्ये आली: क्यूईएमयू ४.० आणि लिनक्स कर्नल ५.० पासून. यात एक खाच आहे. होस्ट नवा केला तरी जुन्या व्हीएमच्या व्याख्येत मशीन टाईप जुनाच राहतो, आणि ४.० च्या आधीच्या मशीन टाईपवर व्हर्टआयओ-ब्लॉक ही सोय दाखवत नाही. अशा वेळी मी डिस्क व्हर्टआयओ-स्कझीवर नेतो. मात्र डिस्कचं नाव व्हीडीए ऐवजी एसडीए होतं, म्हणून एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळख क्रमांक आहे ना, ते आधी बघा.

रकान्यांत आकडे आले की "एफएस-ट्रिम -एव्ही" चालवा. त्या लिनक्स व्हीएमवर उत्तर आलं: रूटवर १८८ जीबी ट्रिम. ते पाहून १८८ जीबी मिळाले असं समजू नका. हा गेस्टमधल्या एकूण मोकळ्या जागेचा आकडा आहे, त्यात कधीच न वापरलेली जागाही आली. होस्टवर डीयू केलं तेव्हा ६४ उरले होते. त्या रात्री फुगण्याआधीच्या १८७ च्या मानाने खरी कमाई १२३ जीबी.

लगेच पुन्हा तीच कमांड दिली तर ईएक्सटी-फोर ही लिनक्सची फाईलसिस्टिम जवळजवळ शून्य दाखवेल. बिघाड नाही तो. कुठला भाग ट्रिम झाला हे ईएक्सटी-फोर माऊंट असेपर्यंत लक्षात ठेवते आणि तिथे परत जात नाही. पण याचा तोटाही होतो: होस्टची सेटिंग चुकीची असताना एकदा ट्रिम चालवला आणि मग सेटिंग दुरुस्त केली, तर गेस्ट पुन्हा सुरू होईपर्यंत ते भाग वगळले जातात. एक्सएफएस असं लक्षात ठेवत नाही, दर वेळी सगळं पाठवते.

मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा लिनक्सचा थर) असेल तर साध्या लॉजिकल व्हॉल्यूममधून ट्रिम सरळ पार जातो, वेगळं काही करावं लागत नाही. एनक्रिप्शनचा लक्स थर मात्र निरोप अडवतो. क्रिप्टटॅबमध्ये डिस्कार्डचा पर्याय द्यावा लागतो. त्याने डिस्कचा कुठला भाग रिकामा आहे, हे बाहेरून दिसू लागतं. आरोग्याची किंवा वकिलांची कागदपत्रं असलेल्या मशीनवर मी ते मालकाला विचारून करतो.

खालच्या बाजूला होस्टची फाईलसिस्टिम ईएक्सटी-फोर किंवा एक्सएफएस असेल तर फाईलमध्ये भोकं पडतात आणि काम होतं. इमेज एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीत, असेल तर ४.२ आवृत्ती लागते.

सगळं जुळलं की गेस्टमध्ये "सिस्टिमसीटीएल" ने एफएस-ट्रिमचा टायमर चालू करा. तो आठवड्याला एकदा, म्हणजे सोमवारी मध्यरात्रीच्या सुमारास चालतो. एकाच होस्टवर दहा व्हीएम असतील तर सगळ्यांचे वार वेगवेगळे ठेवा. माऊंट करताना डिस्कार्ड पर्याय देऊन दर डिलीटला ट्रिम करण्यापेक्षा मला ही साप्ताहिक पद्धत पसंत आहे, कारण कामाच्या वेळी डिस्कवर ओझं पडत नाही. गेस्टमध्ये क्यूईएमयूचा गेस्ट एजंट बसवलेला असेल तर होस्टवरून "व्हर्श डोम-एफएस-ट्रिम" देऊनही हेच काम होतं.

विंडोज गेस्ट

विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून विंडोजला थिन, म्हणजे लागेल तेवढीच जागा धरणारी, डिस्क ओळखता येते. डिस्कार्ड सुरू केल्यावर ऑप्टिमाईझ ड्राईव्हज ही खिडकी उघडा. मीडिया टाईपमध्ये थिन प्रोव्हिजन्ड ड्राईव्ह असं दिसलं तर रस्ता मोकळा आहे, हार्ड डिस्क ड्राईव्ह दिसलं तर डिस्कार्ड पोचत नाही. अशा डिस्कवर ऑप्टिमाईझ दाबू नका, कारण ते डिफ्रॅग करतं. डिफ्रॅग ब्लॉक इकडचे तिकडे लिहितं, आणि प्रत्येक नव्या जागी लिहिलेला ब्लॉक इमेज फुगवतो.

रस्ता मोकळा असेल तर ॲडमिन पॉवरशेलमध्ये "ऑप्टिमाईझ-व्हॉल्यूम", ड्राईव्ह लेटर सी, आणि री-ट्रिम. त्या कचेरीच्या टॅली मशीनवर दहा मिनिटांच्या आत झालं, तेही दुपारी पावत्या चालू असताना.

ट्रिम जमत नसेल तर

कधी गेस्ट इतका जुना असतो की ट्रिम ही गोष्टच त्याला ठाऊक नसते. माझी पहिली पसंती अशा वेळी "व्हर्ट-स्पार्सिफाय" ला. व्हीएम पूर्ण बंद करा, "व्हर्श डोमस्टेट" मध्ये शट ऑफ दिसतंय याची खात्री करा, आणि इन-प्लेस पर्यायाने इमेजवर चालवा. ही हत्यारं ईएक्सटी आणि एनटीएफएस दोन्ही आतून वाचतात, त्यामुळे गेस्टला काही कळण्याची गरजच राहत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केल्यावरही एनटीएफएस अर्धवट झोपलेली राहते आणि हे काम अडतं. म्हणून वर हायबरनेशन बंद करायला सांगितलं. चालू व्हीएमच्या इमेजवर हे हत्यार कधीही चालवू नका. दोन जण एकाच वेळी एका वहीत लिहू लागले तर वही बिघडते, आणि इथे बिघाड कळायला दोन-तीन दिवसही लागू शकतात.

शून्यं भरण्याचा मार्ग मी शेवटचा धरतो. आतल्या मोकळ्या जागेत शून्यांची एक मोठी फाईल लिहायची, ती डिलीट करायची आणि मग बाहेरून इमेज नव्याने उतरवायची, अशी ती रीत. विंडोजमध्ये यासाठी सिसइंटर्नल्सचं "एस-डिलीट -झेड" आहे. साधेपणाने केलं तर इमेज पूर्ण आभासी आकारापर्यंत फुगते. पण डिस्कच्या त्याच ड्रायव्हरच्या ओळीत डिटेक्ट-झीरोज हा गुणधर्म अनमॅप ठेवला आणि डिस्कार्डही अनमॅप असलं, तर क्यूईएमयू येणारी शून्यं ओळखतं आणि लिहिण्याऐवजी जागा सोडून देतं. मग इमेज फुगत नाही, उलट शून्यं भरता भरताच आटत जाते. त्या रात्री मला ही एक ओळ माहीत असायला हवी होती. प्रत्येक लेखन तपासावं लागत असल्याने प्रोसेसरवर भार येतो, म्हणून काम झालं की ती काढून टाकतो.

आधी एका लहान, दोन-तीन जीबीच्या शून्य फाईलवर आजमावून बघा. ती लिहिताना होस्टवर डीयूचा आकडा वाढला नाही, तरच पूर्ण भरा.

नवी, आटोपशीर फाईल

बरेचदा ट्रिमवर काम भागतं. पण इमेज दुसऱ्या शाखेत न्यायची असेल, किंवा भोकं न सांभाळणाऱ्या पद्धतीने बॅकअप होत असेल, तर फाईलची लांबीही कमी हवी. तेव्हा "क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट". ट्रिम किंवा स्पार्सिफाय आधी झालेलं असावं, नाहीतर जुना कचराच निष्ठेने नव्या फाईलमध्ये उतरतो.

व्हीएम बंद करा. "क्यूईएमयू-आयएमजी चेक" ने इमेज निरोगी आहे का ते पाहा; चुका दाखवल्या तर इथेच थांबा. "क्यूईएमयू-आयएमजी मेझर" नव्या फाईलला किती जागा लागेल ते आधीच सांगतं, तेवढी जागा होस्टवर आहे का बघा. मग कन्व्हर्ट, प्रगती दिसायला "-पी", आणि "-ओ क्यूकाऊ-टू", यातला ओ कॅपिटल. पोटातले स्नॅपशॉट नव्या फाईलमध्ये येत नाहीत आणि साखळी असली तर ती एकसंध होते, हे माहीत असू द्या. कॉम्प्रेशनचा "-सी" मी फक्त कपाटात ठेवायच्या प्रतीला देतो, रोज चालणाऱ्या मशीनला नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम मी रात्री, यूपीएसची बॅटरी तपासून करतो. कन्व्हर्टचा एक मोठा गुण असा की मूळ फाईलला ते हात लावत नाही. अर्ध्यात वीज गेली तर अर्धवट नवी फाईल फेका आणि पुन्हा सुरू करा.

पूर्ण झाल्यावर "क्यूईएमयू-आयएमजी कम्पेअर" ला जुनी आणि नवी दोन्ही द्या. "इमेजेस आर आयडेंटिकल" हे तीन शब्द दिसल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. कितीही वेळ लागला तरी मी हे टाळत नाही. मग जुन्या फाईलचं नाव बदला, नवीला जुनीचं नाव द्या, मालकी आणि परवानग्या जुन्यासारख्या करा. एसई-लिनक्स असलेल्या होस्टवर "रीस्टोअरकॉन" चालवा. व्हीएम सुरू करून नुसता लॉगिन पाहू नका, खरं काम करून पाहा: टॅलीत कंपनी उघडा, एक जुनी पावती छापा.

आटवलेली फाईल कॉपी करताना भोकं बुजू शकतात. "सीपी" ला स्पार्स-ऑलवेज, "आरसिंक" ला "-एस", कॅपिटल एस. "एससीपी" भोकं सांभाळत नाही, पलीकडे पूर्ण लांबीची फाईल उतरते.

बाकीचे मंच, थोडक्यात

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीडीआय फाईल असेल तर आत शून्यं भरून, मशीन बंद करून "व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम" ला कॉम्पॅक्ट द्या. फुगण्याचा हिशोब इथेही तोच. प्रॉक्समॉक्सवर डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डची खूण करा, कंट्रोलर व्हर्टआयओ-स्कझी ठेवा, बाकी वरच्यासारखंच. मात्र खाली एलव्हीएम-थिन पूल असेल तर "एलव्हीएस" मधला डेटाच्या टक्क्यांचा रकाना रोज बघा. पूल पूर्ण भरणं हे साधी डिस्क भरण्यापेक्षा वाईट, कारण गेस्टच्या फाईलसिस्टिमलाच इजा पोचू शकते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये स्नॅपशॉट असेपर्यंत डिस्क आटत नाही, आधी ते काढा.

विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणारे विद्यार्थी मला वारंवार विचारतात की सी ड्राईव्ह कुठे गेला. तो त्या लिनक्सच्या व्हीएचडीएक्स फाईलमध्ये गेलेला असतो. आत झाडलोट आणि एफएस-ट्रिम करा, "डब्ल्यूएसएल --शटडाऊन" द्या, मग "डिस्कपार्ट" मध्ये ती फाईल सिलेक्ट व्ही-डिस्कने निवडा, रीडओन्ली अटॅच करा, कॉम्पॅक्ट व्ही-डिस्क, डिटॅच. हायपर-व्ही असेल तर बंद मशीनची फाईल रीडओन्ली माऊंट करून तिच्यावर "ऑप्टिमाईझ-व्हीएचडी", मोड फुल.

होस्ट भरलाच तर

व्हीएम पॉझ झालेल्या दिसतील. घाबरून त्यांना फोर्स ऑफ करू नका, हीच सगळ्यात महाग चूक. होस्टवर जागा संपली की क्यूईएमयू लेखन अडवून गेस्टला थांबवतं, आणि गेस्टच्या मेमरीतला न लिहिलेला डेटा तसाच जपलेला असतो. फोर्स ऑफ केलं की तो जातो. आधी होस्टवर जागा करा: ती राखीव १० जीबीची फाईल काढा, जुन्या आयएसओ फाईली हलवा. मग "व्हर्श रिझ्यूम". अडलेलं लेखन पुन्हा होतं आणि गेस्ट जिथे थांबला तिथून चालू लागतो. ज्या मशीनमध्ये मोठं लेखन चालू होतं तिला सगळ्यात शेवटी उठवा, आणि उठताक्षणी ते लेखन थांबवून तिने लिहिलेली फाईल काढा.

कळमन्यात त्या सकाळी राखीव फाईल नव्हती, बाकी मी हेच केलं. टॅलीची मशीन उठली तेव्हा मुनीमकाकांची अर्धी भरलेली पावती पडद्यावर जशीच्या तशी होती. त्यांनी वजनाचा आकडा एकदा वाचून पाहिला, एंटर दाबलं आणि प्रिंटर चालू झाला.

बाजूला ठेवलेली जुनी इमेज मी लगेच डिलीट करत नाही. नव्या इमेजवरून एक साप्ताहिक बॅकअप पूर्ण व्हावा, त्यातून एक फाईल परत काढून उघडून बघावी, आणि त्या दिवशी दुपारी, कचेरीतलं कुणीतरी हजर असताना, जुनी फाईल काढावी.